आयकर रिटर्नआधी व्याजाचा हिशेब : तयारीची यादी

सगळ्यात आधी घरातली सगळी पासबुकं बाहेर काढा, वापरात नसलेल्या खात्यांचीसुद्धा, आणि 31 मार्च 2026 पर्यंतच्या नोंदी छापून आणा. हे मी कळकळीने सांगते. आईचं नोकरीतलं जुनं खातं आम्ही धरायचं विसरलो होतो. त्यातलं व्याज हजार-दीड हजारच होतं, पण ते एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, आलेलं होतं आणि तेवढ्यासाठी सुधारित रिटर्न भरावं लागलं. तेव्हापासून मी एका कोऱ्या कागदावर खात्यागणिक एक ओळ आखते आणि मगच कॅल्क्युलेटर हातात घेते.

बचत खात्याचं व्याज 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर मोजतात. समजा तीस दिवसांच्या महिन्यात वीस दिवस 80,000 आणि दहा दिवस 20,000 शिल्लक राहिली. दिवस गुणिले शिल्लक अशी बेरीज केली की 18 लाख होतात. त्याला अडीच टक्क्यांनी गुणून 365 ने भागलं की 123 रुपये येतात. आपण काढलेला आकडा आणि पासबुकातली व्याजाची नोंद यांत मोठा फरक दिसला, तर शाखेत जाऊन विचारा. विचारण्यात संकोच कसला, पैसे आपले आहेत.

आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा हिशेब इथे खरा चुकतो. महिना 5,000, दर 6.7 टक्के, म्हणजे 60,000 वर 4,020 मिळतील असं अनेकजण धरतात. पण पहिला हप्ता बारा महिने राबतो, दुसरा अकरा, शेवटचा फक्त एक. बारापासून एकपर्यंत बेरीज 78. म्हणून व्याज 5,000 गुणिले 78 भागिले 12, त्याचे 6.7 टक्के, म्हणजे साधारण 2,178. तिमाही चक्रवाढ धरली की 2,210 च्या आसपास. आरडी पाच वर्षांची असेल तर दरवर्षी जमा झालेलं व्याज त्या त्या वर्षी दाखवत जा. मुदत संपल्यावर एकदम दाखवलं तर पाच वर्षांचा भार एकाच वर्षावर येतो.

आता करकपातीची ओळ. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापला जाणारा कर, कापत नाहीत. मुदत ठेवीचं (एफडी) आणि आरडीचं व्याज एका बँकेत वर्षाला 50,000 च्या वर गेलं, ज्येष्ठांचं एक लाखाच्या वर, तर 10 टक्के कापतात; पॅन दिलेला नसेल तर 20. मात्र टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, असं नाही. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला भरावाच लागतो. पतसंस्थेने काहीच कापलं नसलं तरी ते व्याजही उत्पन्नातच धरायचं. अल्पवयीन मुलाच्या नावचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या रिटर्नमध्ये जातं.

जुनी करप्रणाली घेणार असाल तर बचत खात्याच्या व्याजावर आयकर कायद्याच्या कलम 80टीटीए खाली 10,000 पर्यंत वजावट आहे. साठी ओलांडलेल्यांना 80टीटीबी खाली 50,000, आणि त्यात एफडी-आरडीही येतात. नव्या प्रणालीत या दोन्ही नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कर काढून पाहिल्याशिवाय पर्याय निवडू नका, विशेषतः घरात ज्येष्ठ असतील तर.

शेवटी बँकांकडून व्याजाचे दाखले घ्या, 26एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस आयकर पोर्टलवरून उतरवून घ्या आणि कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे जुळल्याची खूण करा. एआयएसमध्ये नसलेलं व्याजही सोडू नका. जादा गेलेल्या कराचा परतावा ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर पडताळून ठेवा, आणि रिटर्न भरल्यावर तीस दिवसांच्या आत ई-पडताळणी करा.