बाळाच्या पोटात गाठ? या चुका टाळा

पोट फुगलं की आपल्याकडे आधी हिंगाचा लेप, मग जंताचं औषध. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण तेल लावताना हाताला टणक गाठ लागली, उलट्या होतायत, वजन घटतंय, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि घरातल्या प्रत्येकाने ती दाबून पाहायची नाही. अशी गाठ फुटूही शकते.

लहान मुलांत क्वचित स्वादुपिंडातही कॅन्सरची गाठ होते, तिला पॅन्क्रिएटोब्लास्टोमा म्हणतात. स्वादुपिंड जठरामागे दडलेलं असतं, त्यामुळे तिथली गाठ बरीच वाढल्यावर कळते. मोठ्यांसारखी कावीळ मुलांत क्वचितच दिसते. म्हणून ‘कावीळ नाही ना, मग काही नाही’ हे चालत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, रक्तातलं एक प्रथिन) या रक्ततपासणीचा. पॅन्क्रिएटोब्लास्टोमात तो बऱ्याचदा वाढतो, पण हेपॅटोब्लास्टोमा या यकृताच्या कॅन्सरमध्येही वाढतो. त्यात सोनोग्राफीत गाठ यकृताचीच वाटली, की चुकीचं निदान पक्कं! शिवाय तान्ह्या बाळाचा एएफपी मुळातच हजारोंत असतो आणि वर्षभरात हळूहळू उतरतो. लॅबच्या कागदावरची मर्यादा मोठ्यांची असते. तो ठळक आकडा बघून रडारड करू नका. उपचारानंतर मात्र हाच आकडा कामाचा, तेव्हा ती तपासणी चुकवू नका.

रात्री मोबाइलवर ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ शोधणं हीदेखील चूकच. समोर येतात ते मोठ्यांच्या आजाराचे आकडे. मुलांचा हा दुर्मिळ आजार वेगळा आहे. गाठ पूर्ण काढता आली तर आशा चांगली असते. मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात.

जन्मतः जीभ मोठी, बेंबीचा हर्निया, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल, तर बेकविथ-विडमन सिंड्रोम या जन्मजात विकाराबद्दल विचारा. त्यात अशा गाठींचा धोका जास्त असतो. त्या मुलांवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवावं लागतं.

दुसरं मत घ्यायला नुसता रिपोर्ट नेऊ नका. सीटीची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) हवेत. टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे, पण नोंदणी तिथे की परळला, हे आधी फोन करून विचारा. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते खरी. केमोने रक्तातल्या पेशी घटून संसर्गाचा धोका वाढलेल्या मुलाला मात्र सकाळच्या गर्दीत त्या डब्यात कोंबू नका.