सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज सुधारण्यासाठी

सॉफ्टवेअर प्रकल्पात बहुतेक वेळा सर्वांत मोठा खर्च माणसांच्या श्रमांचा असतो. सर्व्हर आणि परवाने यांच्या किमती कितीही काटेकोरपणे मिळवल्या, तरी श्रमांचा हिशेब चुकला की अंदाजपत्रक कोलमडते.

म्हणून प्रथम जुन्या प्रकल्पांच्या नोंदी काढाव्यात आणि प्रत्येक कामासाठी धरलेले तास व प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी शेजारी मांडावेत. हातातल्या कामाचा विचार करताना तशाच पूर्वीच्या कामांना किती वेळ लागला होता याकडे माणूस दुर्लक्ष करतो, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले होते. नोंदी समोर असल्या की या प्रवृत्तीला आळा बसतो. कामाच्या आकारावरून श्रम काढण्यासाठी दुसऱ्यांचे गुणांक उसने घेणे मला दुय्यम वाटते. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोएम यांच्या १९८१ च्या ‘कोकोमो’ या खर्च-अंदाजाच्या प्रतिमानातले गुणांकसुद्धा ६३ प्रकल्पांच्या माहितीवरून काढलेले होते, आणि ते प्रकल्प आपले नव्हते.

त्यानंतर कामाचे लहान तुकडे करावेत. एखादा तुकडा आठवडाभरापेक्षा मोठा राहिला, तर त्यात काय काय दडले आहे हे बहुधा कोणालाच नीट ठाऊक नसते. कोड लिहिण्याचे तास सहसा हिशेबातून सुटत नाहीत. सुटतात ती जुन्या माहितीचे स्थलांतर, चाचणीतून निघालेल्या दोषांची दुरुस्ती, पुनरावलोकन आणि ग्राहकाच्या मंजुरीची वाट पाहण्यात जाणारे दिवस.

प्रत्येक तुकड्यासाठी एकच आकडा न मागता किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे मागावेत. पर्ट या प्रकल्प-नियोजनाच्या पद्धतीनुसार संभाव्य आकड्याची चौपट करून तीत उरलेले दोन मिळवावेत आणि बेरजेला ६ ने भागावे. समजा, एखाद्या कामाला ६, ९ आणि २४ दिवस असे अंदाज आले, तर सरासरी ११ दिवस येते, म्हणजे ‘नऊ दिवसांत होईल’ या उत्तरापेक्षा दोन दिवस जास्त. कमाल व किमान यांतील फरकाला ६ ने भागले की प्रमाण विचलन, म्हणजे प्रत्यक्ष वेळ सरासरीपासून साधारण किती ढळू शकतो याचे माप, मिळते. येथे ते ३ दिवस आहे. मात्र सगळ्या तुकड्यांची विचलने एकत्र करताना सावध राहावे, कारण नेहमीचे सूत्र कामे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. एकाच अपुऱ्या समजलेल्या बाह्य प्रणालीवर पाच कामे अवलंबून असतील, तर ती पाचही एकदमच लांबतात आणि सूत्राने दाखवलेली निश्चिती खोटी ठरते.

दिवसांचे पैशांत रूपांतर करताना केवळ पगार न धरता रजा, उपकरणे आणि व्यवस्थापन यांचा भार मिळवलेला दर वापरावा.

एकूण अंदाज पल्ल्याच्या स्वरूपातच, म्हणजे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा, सादर करावा. अगदी प्रारंभीच्या टप्प्यावर प्रत्यक्ष आकडा अंदाजाच्या पाव ते चौपट इतका सरकू शकतो, असे बोएम यांच्या मांडणीत दिसते. गरजा स्पष्ट होतील तसा पल्ला आवळत न्यावा. ग्राहकाने रक्कम कमी करण्याचा आग्रह धरला, तर अंदाजाला हात न लावता कामाची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव ठेवावा. प्रत्येक अंदाजासोबत तारीख आणि गृहीतके लिहावीत, आणि त्यांतले एखादे गृहीतक मोडताच त्यावर अवलंबून असलेल्या तुकड्यांचे तिन्ही आकडे पुन्हा मागवावेत.