छोट्या लोडरला ग्रॅपल लावताना

वाळवा-पलूसकडे बांधावरची बाभळीची झुडपं उचलायला छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला (पुढच्या उचलणाऱ्या हातांना) ग्रॅपल, म्हणजे माल दातांत पकडणारा पंजा, कामाचा आहे. घेताना आधी त्याचं वजन विचारा. लोडर 400 किलो उचलत असेल आणि ग्रॅपलच 150 किलोचा असेल, तर मालासाठी उरतात 250. म्हणून मी तरी जाडजूडपेक्षा हलका, नीट बांधलेलाच घ्या म्हणेन. मजबुती द्यायची ती सिलिंडरच्या कानाला (पंजा उघडणारा-मिटणारा हायड्रॉलिक सिलिंडर पिनने जिथे जोडतात ती पट्टी) आणि दातांच्या मुळाशी; ताण तिथेच येतो, चीरही तिथेच पडते. कानाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्टी वेल्ड करून मारा, वेल्डिंगचा 7018 रॉड पूर्ण कोरडा हवा. दातावर आडवं वेल्डिंग टाळा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला लावा, घाईत हे हमखास राहतं. मागे वजन लावल्याशिवाय ओंडका उचलू नका, ट्रॅक्टरची मागची चाकं उचलतात.