मूलपेशींच्या इंजेक्शनचा प्राण्यांवरील प्रयोग कसा वाचावा

‘मूलपेशींच्या (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या स्टेम सेलच्या) इंजेक्शनने कूर्चा पुन्हा तयार झाली’ असे वाक्य एखाद्या बातमीत दिसले, तर मूळ शोधनिबंध मिळवावा आणि सारांशावर न थांबता थेट कार्यपद्धतीच्या भागाकडे जावे. सांध्यातील कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक आवरणात, रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात आणि पेशींचे प्रमाणही अतिशय थोडे असते. त्यामुळे तिला झालेली इजा सहसा भरून येत नाही, ही गोष्ट शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवली होती. असे असताना कूर्चा भरून आल्याचा दावा कोणी करत असेल, तर ती कोणत्या प्राण्यात, कशा प्रकारच्या इजेनंतर आणि कशाच्या तुलनेत भरून आली, हे पाहिल्याशिवाय त्या दाव्याचे वजन ठरवता येत नाही.

प्रथम प्राणी पाहावा. सशाच्या गुडघ्यातील कूर्चेची जाडी जेमतेम ०.३ मिलिमीटर असते, तर माणसाच्या गुडघ्यात ती साधारणपणे २ मिलिमीटरहून अधिक असते. शिवाय सशाच्या कूर्चेला पाडलेले छोटे छिद्र खालच्या हाडापर्यंत पोचले, तर हाडातील मज्जेतून आलेल्या पेशींमुळे ते उपचाराविनाही बऱ्याच अंशी भरते. म्हणून सशावरील प्रयोगात ‘काहीही न टोचलेला’ गट नसेल, तर श्रेय इंजेक्शनला द्यावे की सशाला, हे सांगता येत नाही. बकरी, मेंढी आणि घोडा यांचे सांधे आकाराने आणि पेलत असलेल्या भाराने माणसाच्या अधिक जवळचे आहेत. त्यांपैकी घोडा तर स्वतःच रुग्ण असतो, कारण शर्यतीच्या घोड्यांना सांध्यांच्या इजा खरोखरच होतात.

त्यानंतर इजा आणि वेळ पाहावी. येथे २००३ मध्ये मर्फी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला बकऱ्यांवरील प्रयोग सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूची मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी, काढून टाकली आणि गुडघा स्थिर ठेवणारा पुढचा क्रुशिएट अस्थिबंधही (लिगामेंट) कापला. सहा आठवड्यांनी एका गटाला त्याच प्राण्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या सुमारे एक कोटी पेशी हायलुरॉननच्या (सांध्यातील वंगणात असणाऱ्या पदार्थाच्या) द्रावणातून टोचल्या, तर दुसऱ्या गटाला केवळ ते द्रावण दिले. पेशी मिळालेल्या सांध्यांत मेनिस्कससारखी नवी ऊती ठळकपणे तयार झाली, खूण केलेल्या पेशी त्या ऊतीत सापडल्या आणि कूर्चेची झीज तुलनेने कमी आढळली. घाईने वाचणाऱ्याला यातून ‘कूर्चा उगवली’ असे वाटते. प्रत्यक्षात पुन्हा तयार झाली ती मुख्यतः गादी, आणि कूर्चेची झीज मंदावली ती बहुधा सांध्यावरचा ताण कमी झाल्यामुळे. ‘झीज मंदावणे’ आणि ‘नवी कूर्चा येणे’ हे दोन वेगळे निकाल आहेत, आणि माझ्या मते या विषयावरील निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळेच होतो.

तुलनेचा गटही नीट तपासावा. पेशी हायलुरॉननमधून दिल्या असतील, तर नुसते हायलुरॉनन मिळालेला गट हवाच, कारण सलाइनशी केलेल्या तुलनेत पेशींचा परिणाम आणि द्रावणाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले गेले का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुण देणाऱ्याला गट ठाऊक होता का, हेही शोधावे. २०१० मध्ये आलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या ‘अराइव्ह’ या, प्राण्यांवरील प्रयोगांचा अहवाल कसा लिहावा याच्या मार्गदर्शक सूचना हीच माहिती मागतात.

मोजमापाच्या भागात ‘दोष भरला’ एवढ्यावर समाधान मानू नये. भरलेली ऊती खऱ्या सांधेकूर्चेसारखी असेल, तर तिच्यात प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन (ऊतीला बळकटी देणारे प्रथिन) असते आणि सॅफ्रानिन-ओ या रंगाने ती लाल दिसते. पहिल्या प्रकारचे कोलॅजन अधिक असेल, तर ती तंतुमय कूर्चा समजावी. ती जागा भरते, पण भार पेलताना लवकर झिजते. त्यामुळे सहा आठवड्यांनंतरचे सुंदर छायाचित्र पुरेसे नसून काही महिन्यांनंतरची तपासणी अधिक बोलकी असते.

टोचलेल्या पेशी स्वतः कूर्चा होतात, हे गृहीतही तपासून घ्यावे. बऱ्याच प्रयोगांत त्या सांध्यात फार काळ टिकत नाहीत, आणि परिणाम दिसलाच तर तो त्यांनी स्रवलेल्या, दाह कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असावा असे मानले जाते. १९९१ मध्ये अशा पेशींसाठी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलण्याची मागणी केली, त्यामागे हेच कारण होते.

शेवटी माणसांवरील चाचणी शोधावी. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतील चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या साडेचारशेहून अधिक रुग्णांना तीन प्रकारची पेशी-इंजेक्शने किंवा स्टेरॉइड देण्यात आले. एका वर्षानंतर वेदनेच्या बाबतीत कोणतेही पेशी-इंजेक्शन स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले नाही. म्हणून उपचार सुचवणाऱ्या डॉक्टरांनी सशाची किंवा बकरीची छायाचित्रे दाखवली, तर याच प्रकारच्या पेशींवर माणसांत झालेल्या चाचणीचा निकाल त्यांच्याकडे मागावा, आणि उपचार चाचणीचा भाग असल्याचे सांगितले गेल्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या चाचण्यांच्या नोंदवहीतील तिचा नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा.