भाज्यांचे गार रोल: आधी पाणी आवरा, मग गुंडाळा

पहिल्यांदा हे रोल केले तेव्हा मी फार हुशारी केली होती. पाहुणे यायच्या दोन तास आधीच सगळं चिरून, गुंडाळून, चकत्या कापून ताट सजवून ठेवलं. दार उघडायच्या वेळी ताटात पाण्याचं तळं साचलं होतं. पोळीचा तळ भिजून लगदा झालेला आणि वरची कड वाळून कागदासारखी कडक. गुंडाळताना काहीतरी चुकलं असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर गुंडाळी ठीकच होती. चूक काकडी चिरली तिथेच झाली होती.

हा पदार्थ म्हणजे मऊ, पातळ पोळी, तिच्यावर दाटसर लेप, लेपावर बारीक चिरलेल्या भाज्या, घट्ट गुंडाळी, थोडा वेळ फ्रिज आणि शेवटी सुरी. शिजवायचं काहीच नाही. त्यामुळे सगळी मेहनत दोनच गोष्टींवर करायची: भाज्यांचं पाणी आणि गुंडाळीचा घट्टपणा. बाकी चव ज्याच्या त्याच्या हाती.

काय काय लागेल

साधारण 32 चकत्यांसाठी 25 सेंटिमीटर व्यासाच्या 4 पोळ्या घ्या. लेपासाठी 225 ग्रॅम क्रीम चीज, एक चमचा लिंबाचा रस, ताजी कुटलेली मिरपूड आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर, शेपू किंवा पार्सली. भाज्यांमध्ये एक मध्यम काकडी, एक मध्यम गाजर, एक लाल ढोबळी मिरची, पातीचे दोन कांदे आणि दोन मुठी कोवळा पालक. मीठ मात्र हात राखून घाला, कारण ते काकडीलाही लागणार आहे आणि चीजमध्ये आधीच असतं.

लसूण हवी असेल तर अर्धी पाकळी किसून घाला, जास्त नको. कच्च्या लसणीचा उग्रपणा लेपात भिनत जातो. संध्याकाळी बेताची वाटलेली लसूण दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्या चवींवर स्वार झालेली असते.

पोळी कुठली

गव्हाचा टॉर्टिया सगळ्यात सोपा, कारण तो गोल, एकसारखा पातळ आणि लवचिक असतो. लवाश, म्हणजे आर्मेनिया-इराणकडची पातळ, मऊ पोळी, मिळाला तर आणखी चांगलं. तो चौकोनी असल्यामुळे गुंडाळीची टोकं निमुळती होत नाहीत आणि कापताना वाया कमी जातं. मक्याचा टॉर्टिया यासाठी घेऊ नका. गव्हाच्या पिठाला ताण सहन करायला लावणारं ग्लूटेन मक्यात नसतं, त्यामुळे तो पहिल्याच वळणाला तडकतो. पिटा फुगून दोन पदर सुटतात, म्हणून तोही बाद. जाड नान गुंडाळला जातो खरा, पण प्रत्येक घासात नानच जास्त लागतो.

घरी लाटणार असाल तर कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा, तेलाचा हात जरा सढळ ठेवा आणि अर्धा तास झाकून मुरू द्या. पोळी पातळ लाटा आणि तव्यावर डाग पडायच्या आतच उतरवा. खरपूस भाजलेली पोळी खायला छान, पण इथे ती उपयोगाची नाही, कारण जिथे डाग असतो तिथेच तडा जातो. उतरवल्याबरोबर कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे वाफेवर ती मऊ राहील.

विकतची पोळी फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. शिजलेल्या पिठातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे बाहेरच्यापेक्षा लवकर घडतं. म्हणून फ्रिजमधली पोळी ओलसर असूनही ताठ लागते. ओलसर कापडाखाली मायक्रोवेव्हमध्ये 10 ते 15 सेकंद किंवा कोमट तव्यावर दोन्ही बाजूंनी क्षणभर गरम केली की ती परत नरम पडते. मग तिला कोमट होऊ द्या. गरम पोळीवर लेप लावलात तर तो वितळून पसरतो आणि गुंडाळताना बाजूने बाहेर येतो.

पाण्याचं काय करायचं

काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. अख्खी असते तोवर ते आत कोंडलेलं असतं. चिरली की पेशी फाटतात, वर मीठ लागलं की पाणी बाहेर ओढलं जातं. हे होणारच आहे. मग ते पोळीत होऊ देण्यापेक्षा आधीच चाळणीत होऊ द्या. काकडी उभी चिरून चमच्याने बियांचा गर खरवडून काढा, उरलेल्या भागाच्या बारीक काड्या करा, पाव चमचा मीठ चोळून चाळणीत 20 मिनिटं ठेवा. खाली वाटी ठेवायला विसरू नका, आणि त्या वाटीत किती पाणी जमतं ते एकदा पाहाच. नंतर काड्या स्वच्छ कापडात घेऊन हलक्या हाताने पिळा. त्या मऊ पडतील, पण करकरीतपणा पुरता जात नाही.

गाजर किसलंत तर तो कीस मुठीत दाबून घ्या. बारीक काड्या केल्यात तर पिळायची गरज नाही, कारण किसताना जितक्या पेशी फाटतात तितक्या सुरीने फाटत नाहीत. ढोबळी मिरची धुऊन, पुसून मगच चिरा आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून टाका. पालकाचे देठ खुडून पानं अगदी कोरडी करा. पानांच्या सुरकुत्यांत अडकलेलं पाणी दिसत नाही, पण तेच दगा देतं. दोन कापडांमध्ये पानं पसरून वरून दाबली की काम होतं.

टोमॅटो मी घालत नाही. कितीही बिया काढल्या तरी तो पाणी सोडतोच. उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचे तुकडे मात्र छान लागतात. तेलातले असतील तर ते तेल टिपून घ्या. बीट घातलंत तर तासाभरात सगळा रोल गुलाबी होतो. ते मुद्दाम हवं असेल तरच घाला. कोबी अगदी केसासारखा बारीक चिरला तर उत्तम, जाड राहिला तर गुंडाळी त्याच्यावरून उचकटते.

लेप हा पोळीचा रेनकोट

क्रीम चीज आधी तासभर बाहेर काढून ठेवा. फ्रिजमधून काढलेलं घट्ट चीज पसरवायला गेलात तर पोळी फाटते. नरम झालं की त्यात लिंबू, मिरपूड आणि चिरलेला पाला मिसळून घोटा.

हा लेप चवीसाठी असतोच, पण त्यातली चरबी पोळी आणि भाजी यांच्यामध्ये पडदा धरते आणि भाजीचं पाणी पोळीपर्यंत पटकन पोचू देत नाही. म्हणून तो मध्ये ढीग आणि कडेला कोरडं असा न लावता पातळ, एकसारखा, अगदी कडेपर्यंत लावा. एका पोळीला साधारण तीन मोठे चमचे लागतात. पोळी जिथे उघडी राहते तिथेच ती भिजते, आणि कड उघडी राहिली तर शेवटी चिकटत नाही.

क्रीम चीज नको असेल तर चक्का घ्या. अर्धा किलो घट्ट दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्येच पाच-सहा तास निथळत ठेवलं तर जेमतेम एवढ्या रोलना पुरेल इतका चक्का निघतो. दुधाचं काहीच नको असेल तर वाटलेल्या छोल्यांचा घट्ट हमस चालतो. दोन्हींमध्ये पाणी जास्त आणि अडसर कमी, त्यामुळे असे रोल त्याच दिवशी संपवायचे.

गुंडाळणं

पोळी समोर पसरा. लेपावर आधी पालकाची पानं एका थरात, म्हणजे पाण्याला दुसरा अडसर. त्यावर बाकीच्या भाज्या, पण सगळीकडे नाही. तुमच्याकडच्या कडेपासून बोटभर जागा सोडून सुरुवात करा आणि पोळीचा दोन-तृतीयांश भाग भरला की थांबा. पलीकडच्या उरलेल्या पट्टीवर फक्त लेप असू द्या, तीच शेवटी डिंकाचं काम करते. हात आवरणं अवघड जातं हे मला माहीत आहे. भाजी थोडी कमी वाटते तेव्हाच ती बरोबर असते.

काड्या आडव्या ठेवा, म्हणजे डावीकडून उजवीकडे. तुम्ही गुंडाळी पुढे सरकवत जाल तेव्हा त्या गुंडाळीच्या लांबीला समांतर राहतील. मग कापल्यावर प्रत्येक चकतीत लाल, केशरी, हिरवे ठिपके दिसतात. उभ्या ठेवलेल्या काड्या प्रत्येक वळणावर वाकायला नकार देतात आणि पोळीला भोकं पाडतात.

पहिलं वळण सगळ्यात महत्त्वाचं. जवळची कड उचलून भाजीवर दुमडा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी मागे ओढून घट्ट दाबा, आत पोकळी राहता कामा नये. इथे सैल राहिलं तर पुढे कितीही आवळलंत तरी चकतीच्या मधोमध भोक दिसणार. एकदा गाभा घट्ट बसला की पुढचं काम सतरंजी गुंडाळण्यासारखं: थोडं सरकवा, थोडं मागे ओढा, पुन्हा सरकवा. वरून दाबू नका, नाहीतर लेप टोकांतून बाहेर येईल.

शेवटची कड चिकटली की रोल क्लिंग फिल्ममध्ये (पदार्थ झाकायच्या पातळ, चिकटणाऱ्या प्लास्टिकमध्ये) गुंडाळून दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी उलट दिशांना पिळा. या पिळाने रोल आणखी आवळला जातो आणि हवा लागून कड वाळत नाही. जोडाची बाजू खाली ठेवून फ्रिजमध्ये ठेवा.

थांबणं आणि कापणं

किमान एक तास, जमलं तर दोन. रात्रभर ठेवले तरी चालतात. त्यापुढे पोळी चिवट होऊ लागते. गार झाल्यावर लेप घट्ट बसतो आणि मगच सुरीखाली रोल चेपत नाही. ताजा रोल लगेच कापलात तर गोल चकतीऐवजी चपटी लंबगोल चकती मिळते. फारच घाई असेल तर 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, पण विसरू नका. भाज्या गोठल्या तर बर्फाचे कण पेशी फाडतात आणि वितळताना आपण चाळणीत काढलं त्यापेक्षा जास्त पाणी सुटतं. अर्थात हे रोल महिनाभर आधी करून गोठवून ठेवायचा बेत करू नका.

कापायला दातेरी सुरी घ्या, ब्रेड कापायची असते तशी. ती दाबायची नाही, करवतीसारखी मागेपुढे न्यायची. दर दोन-तीन कापांनंतर पातं ओल्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर पालकाचा हिरवा आणि चीजचा पांढरा पुढच्या चकतीवर माखतो. दोन्ही टोकांचे अडीच सेंटिमीटर बाजूला काढा. तिथे भाजी कमी आणि आकार वेडावाकडा असतो. उरलेल्या 20 सेंटिमीटरच्या अडीच-अडीच सेंटिमीटरच्या आठ चकत्या होतात. यापेक्षा पातळ चकत्या सुंदर दिसतात, पण उचलताना उलगडतात. टूथपिक टोचायची वेळ आली तर ती ठळक दिसेल अशी ठेवा, आणि खाणाऱ्यांत लहान मुलं असतील तर टोचूच नका.

चकत्या वाढायच्या वेळीच कापा आणि एकदम सगळ्या मांडू नका. चीज, दही, चिरलेली भाजी हे सगळं नासणारं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. अर्धे रोल न कापता फ्रिजमध्ये राहू द्या आणि ताट रिकामं झालं की पुढचे कापा.

गरम हवे असतील तर

भाजी बदलावी लागते. काकडी बाद. ढोबळी मिरची, गाजर, पातीचा कांदा आणि पालक थोड्या तेलात मोठ्या आचेवर परतून कोरडे करा आणि पूर्ण गार होऊ द्या. क्रीम चीजचा अगदी पातळ हात आणि वर किसलेलं वितळणारं चीज. गुंडाळून, जोड खाली ठेवून, वरून तेलाचा ब्रश फिरवा आणि ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 10 ते 12 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत भाजा. हे रोल भाजल्यावर कापायचे, तेही पाच मिनिटं थांबून, नाहीतर वितळलेलं चीज सगळं पाटावर.

गुंडाळताना पोळी तडकलीच तर टाकून देऊ नका. तड्यावर लेपाचा एक बोट फिरवून त्यावर पालकाचं पान चिकटवा, रोल क्लिंग फिल्ममध्ये जरा जास्त आवळा आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. कापल्यावर तडा कुठे होता ते फक्त तुम्हालाच माहीत असेल. आणि बाजूला काढलेली आठ टोकं ताटात मांडायची नसतात, ती सुरी धरणाऱ्याची.