क्लेम अडकला तरी भाडं अडकू नये म्हणून

ठाण्यात नौपाड्यात आमचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन), बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन), फाऊलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वरखाली होणारा पलंग) भाड्याने देण्याचं दुकान आहे. "क्लेम पास झाला की देतो" या वायद्यांवर उधारी फार वाढली होती. मुळात विमा नियामक इर्डाच्या पर्यायी वस्तूंच्या यादीतच रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर आहे. पॉलिसीत वेगळी सोय नसेल तर कंपनी पैसे नाकारू शकते. डिस्चार्जच्या धांदलीत घरच्यांना हे कोणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

आता मशीन पाठवण्याआधी मी पॉलिसीची पानं व्हॉट्सॲपवर मागवतो आणि काय मिळेल, काय नाही, ते फोनवर स्पष्ट सांगतो. भाडं पंधरा दिवसांचं, आगाऊ. बिलावर पेशंटचं नाव, सिरियल नंबर. मास्क, नेझल कॅन्युला (नाकात लावायची ऑक्सिजनची नळी) वेगळ्या ओळीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

परवा घोडबंदर रोडवरच्या एका ताईंना बाबांसाठी मिनिटाला दहा लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं मशीन हवं होतं. चिठ्ठीत मिनिटाला दोन लिटर लिहिलेलं. पाच लिटरचं दिलं, निघण्याआधी ॲनालायझर लावून ऑक्सिजनची शुद्धता त्यांच्यासमोर दाखवली: ९३ टक्के. भाडं बरंच कमी झालं आणि त्यांनी ते लगेच जीपे केलं.