मूलगामी राजकीय पुस्तकासाठी प्रकाशक कसा शोधावा

‘असलं राजकीय लेखन कोणी छापत नाही, तुम्ही स्वतःच छापा’ हा सल्ला ऐकून चांगली पुस्तकं वाया गेली आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. फक्त अशाच पुस्तकांवर उभी असलेली प्रकाशनं जगात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शिकागोची चार्ल्स एच. केर आणि लंडनची फ्रीडम प्रेस या दोन्ही १८८६ पासूनच्या. प्लूटो प्रेस १९६९ ची, व्हर्सो १९७० ची (तेव्हा तिचं नाव न्यू लेफ्ट बुक्स होतं), एके प्रेस १९९० ची, दिल्लीची लेफ्टवर्ड १९९९ ची, हेमार्केट २००१ ची, नवयान २००३ ची, पीएम प्रेस २००७ ची. छापणारे आहेत. अडचण अशी की त्यांच्याकडे छापण्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त प्रस्ताव येतात आणि त्यातले बहुतेक त्यांच्याच विचारांच्या माणसांचे असतात. त्यामुळे ‘आपण एकाच बाजूचे आहोत’ हे त्यांच्या लेखी पुस्तक छापण्याचं कारण होऊच शकत नाही. हे ज्यांना उमगत नाही, ते दहा ठिकाणी तेच पत्र पाठवतात आणि दहा नकार आले की सेन्सॉरशिपला दोष देतात.

आधी आकार ठरवा

पाच ते पंधरा हजार शब्दांत संपणारा विषय ही पुस्तिका आहे, आणि तीन-चार हजारांत संपणारा विषय हा लेख. त्यांना फुगवून पुस्तक करू नका. उलट, विषय पुस्तकाएवढा असेल तर त्यातला एक तुकडा आधी एखाद्या वैचारिक नियतकालिकात लेख म्हणून छापून आणा. संपादक नवं नाव पाहिलं की आधी तेच शोधतात.

प्रकाशकांची यादी

‘डावे प्रकाशक’ असं शोधून हाती आलेली यादी निरुपयोगी असते. तुमच्याच संदर्भसूचीपासून सुरुवात करा. गेल्या पाच वर्षांतली जी पुस्तकं तुम्ही खरोखर वापरली, त्यांचे प्रकाशक लिहून काढा. मग प्रत्येक पुस्तकाचं ऋणनिर्देशाचं पान वाचा, संपादकाचं नाव बहुधा तिथेच मिळतं. त्या प्रकाशकाची गेल्या दोन वर्षांतली नवी पुस्तकं पाहा. नुसती जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं निघत असतील तर नव्या लेखकासाठी तिथे जागा नाही. त्यांची पुस्तकं वितरकामार्फत दुकानांत आणि ग्रंथालयांत पोहोचतात का, हेही आताच तपासून घ्या.

‘मूलगामी’ या एका शब्दाखाली बरीच निरनिराळी घरं येतात. एके प्रेस अराजकतावादी (राज्यसत्ता आणि वरून हुकूम सोडणाऱ्या संघटना नाकारणाऱ्या) परंपरेतली, कामगारांनीच चालवलेली सामूहिक संस्था आहे आणि काय छापायचं हे तिथले कामगार मिळून ठरवतात. लेफ्टवर्ड मार्क्सवादी आहे. नवयानच्या केंद्रस्थानी जातीचा प्रश्न आहे. न्यूयॉर्कची फेमिनिस्ट प्रेस १९७० पासून स्त्रीवादी पुस्तकं काढते. भारतात १९८४ साली सुरू झालेल्या काली फॉर विमेनमधून पुढे झुबान आणि विमेन अनलिमिटेड या दोन संस्था झाल्या. पक्षसंघटनेची बाजू मांडणारं पुस्तक अराजकतावादी संस्थेकडे पाठवणं म्हणजे टपालखर्च वाया घालवणं. विद्यापीठांची प्रकाशनं मात्र यादीतून खोडू नका. तिथे बाहेरच्या तज्ज्ञांकडून, बहुधा दोघांकडून, परीक्षण होतं आणि महिने जातात, पण भरपूर पुरावा असलेलं आणि निष्कर्ष जहाल असलेलं पुस्तक ती अनेकदा निमूटपणे छापतात.

आठ-दहा नावं पुरेत. त्यातल्या तीन-चार ठिकाणी एकाच वेळी पाठवा आणि तसं पत्रात स्पष्ट लिहा. लपवलेलं पुढे उघडकीला येतंच.

प्रस्ताव: बहुतेक जण इथेच अडकतात

प्रस्ताव हे जाहीरनाम्याचं संक्षिप्त रूप नाही. आधी तो कोण वाचतं आणि वाचून त्याचं काय करतं, हे समजून घ्या. संपादकाला पुस्तक आवडलं की तो प्रस्ताव घेऊन बैठकीत जातो. तिथे विक्री सांभाळणारा असतो, छपाईचा हिशोब ठेवणारा असतो, दुसऱ्या पुस्तकासाठी भांडणारा दुसरा संपादकही असतो. तुम्ही तिथे नसता, तुमच्या वतीने ती सहा ते दहा पानंच बोलत असतात. विक्रीवाल्याने ‘हे घेणार कोण?’ असं विचारल्यावर संपादकाला त्या पानांत उत्तर सापडलं नाही, तर विषय तिथेच संपतो. पुस्तक कितीही पोटतिडकीने लिहिलेलं असो.

पहिला परिच्छेद तुमच्या दाव्याचा. तो असा हवा की तुमच्याच बाजूचा एखादा शहाणा वाचक त्याच्याशी वाद घालू शकेल. ‘भांडवलशाहीने श्रमिकांची पिळवणूक केली आहे’ हा दावा त्या प्रकाशकाच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्यासाठी नवं पुस्तक कोण काढेल? ‘ॲपवरून चालणाऱ्या कामात ग्राहकाने दिलेले तारे हे मालकाचं शिस्त लावण्याचं मुख्य हत्यार बनतं, म्हणून पगारवाढीआधी संघटनांनी गुणांकनावर लढावं’ हा दावा कोणी खोडू शकतं, म्हणून तो वाचावासा वाटतो. चळवळीतल्या लेखकांना हे लिहिणं जड जातं, कारण भाषणात सहमतीला टाळ्या पडतात. प्रस्तावात मतभेदाची शक्यताच कामी येते.

विशेषणं काढा. ‘फॅसिस्ट’, ‘अमानुष’, ‘निर्लज्ज’ हे शब्द पानापानावर आले की संपादकाला वाटतं, हातात पुरावा कमी आहे. सरकारने किंवा कंपनीने काय केलं, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, किती लोकांवर, एवढं लिहा. हवा तो शब्द वाचक स्वतः उच्चारेल.

यानंतर मिळत्याजुळत्या पुस्तकांचा भाग. ‘या विषयावर असं पुस्तक आजवर झालेलं नाही’ हे वाक्य कधीही लिहू नका. ते खोटं असेल तर तुम्ही वाचलेलं नाही असं दिसतं. खरं असेल तर विक्रीवाला म्हणतो, वाचकच नसावेत. गेल्या पाच वर्षांतली चार ते सहा पुस्तकं घ्या. त्यातलं एक तरी त्याच प्रकाशकाचं असू द्या. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं पुरतात: ते काय करतं, आणि तुमचं पुस्तक त्याच्या पुढे कुठे जातं किंवा कुठे वेगळी वाट धरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या अभिजात ग्रंथांशी तुलना करून काही साधत नाही. त्यांची विक्री आजच्या नव्या लेखकाबद्दल काहीच सांगत नाही.

आणि गटबाजी इथे आणू नका. ‘अमुक लेखकाची सुधारणावादी गद्दारी उघडी पाडणारं पुस्तक’ अशी ओळ लिहिताना लक्षात ठेवा, त्या लेखकाचं संपादन याच संपादकाने केलेलं असू शकतं. मतभेद असेल तर एका सरळ वाक्यात मांडा.

वाचकांचा भाग सगळ्यात दुर्लक्षित. ‘सर्वसामान्य वाचक’, ‘कष्टकरी जनता’, ‘विचार करणारा प्रत्येक जण’ यांपैकी एकालाही पुस्तक विकता येत नाही. नेमकं लिहा: कोणत्या कामगार संघटनेचं शिबिर दरवर्षी होतं आणि तिथे पुस्तकविक्री असते का, भाडेकरूंच्या कोणत्या संघांबरोबर तुम्ही काम केलं आहे, कोणत्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात हे पुस्तक लावता येईल, कोणती नियतकालिकं या विषयावर परीक्षणं छापतात. चळवळीची पुस्तकं मोठ्या प्रमाणात सभांमधून आणि गठ्ठ्याने विकली जातात. ही विक्री दुकानाच्या हिशोबात दिसत नाही, पण छोट्या प्रकाशकाला ती चांगलीच ठाऊक असते. तुमच्या मागे अशी माणसं असतील तर तीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू, आणि लेखक नेमकं तेच लिहायला विसरतात. आकडे द्यायचे तर खरेच द्या. फुगवलेली सदस्यसंख्या संपादक लगेच ओळखतो, तोही त्याच वर्तुळात वावरतो.

प्रकरणांचा गोषवारा प्रत्येकी दीडशे-दोनशे शब्दांचा असावा. ‘या प्रकरणात स्थलांतराचा आढावा घेतला आहे’ हा गोषवारा नव्हे, ते शीर्षकच लांबवलेलं आहे. प्रकरण काय सिद्ध करतं, कशाच्या आधारे, आणि पुढच्या प्रकरणाला त्याची गरज का पडते, हे यायला हवं. एखाद्या प्रकरणाबद्दल हे लिहिता येत नसेल, तर दोष गोषवाऱ्यात नाही, प्रकरणात आहे.

नमुना म्हणून एकटी प्रस्तावना पाठवू नका. प्रस्तावना सगळ्यांना जमते. ज्या प्रकरणात कागदपत्रं, मुलाखती, आकडेवारी सर्वांत जास्त आहे, ते पाठवा. एकूण लांबी साठ ते ऐंशी हजार शब्दांच्या आत ठेवा. नव्या लेखकाचं दीड लाख शब्दांचं पुस्तक म्हणजे जास्त कागद आणि वाढलेली किंमत, आणि तुमच्या वाचकांनाच ते परवडणार नाही.

पाठवणं आणि वाट पाहणं

प्रकाशकाच्या सूचना वाचा आणि तंतोतंत पाळा. पत्र एका पानाचं, संपादकाच्या नावाने. आठ आठवड्यांनी एकदाच विचारणा करा.

पुराव्याची फाइल

उत्तर येण्याआधीच हे काम सुरू करा. नाव घेऊन आरोप केलेलं प्रत्येक वाक्य वेगळं काढा. त्यासमोर आधार लिहा: न्यायालयाचा निकाल, सरकारी दस्तऐवज, स्वतः घेतलेली मुलाखत, वर्तमानपत्रातली बातमी. फक्त बातमीचा आधार असेल तर वाक्याच्या शेजारी खूण करा. इतरांनी आधी छापलेली बदनामी पुन्हा छापली तरी ती बदनामीच राहते.

पुस्तक कुठे विकलं जाणार यावर धोका ठरतो. अमेरिकेत १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारी अधिकाऱ्याला खटला जिंकायचा तर लिहिणाऱ्याने ते खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची बेफिकिरी दाखवून छापलं, असं सिद्ध करावं लागतं. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्याने फिर्यादीला गंभीर हानी दाखवावी लागते, पण मजकूर खरा असल्याचं सिद्ध करण्याचा भार छापणाऱ्यावरच आहे. भारतात बदनामी हा दिवाणी दावा तर होतोच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो फौजदारी गुन्हाही आहे. व्यक्तीपेक्षा संस्थेचं कृत्य आणि हेतूपेक्षा घटना लिहिल्याने निम्मी जोखीम तिथेच कमी होते आणि गद्यही सुधारतं. ‘त्याने गरिबांना लुबाडण्यासाठी हे केलं’ यातला ‘साठी’ न्यायालयात सिद्ध करणं फार अवघड असतं.

गुप्त राहू इच्छिणाऱ्या माणसांची खरी नावं प्रकाशकाला पाठवायच्या फाइलमध्ये ठेवू नका. दस्तऐवजाच्या आत साठलेली माहिती, जुन्या टिपा, दुरुस्त्यांच्या खुणा काढून मगच पाठवा. टोपणनावाने लिहायचं असेल तर करारापूर्वी सांगा. करार खऱ्या नावाने होतो, म्हणून खरं नाव संस्थेत कोणाकोणाला कळेल हे लेखी ठरवून घ्या.

करार

जो प्रकाशक छापण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागतो किंवा शंभर-दोनशे प्रती विकत घ्यायची सक्ती करतो, त्याची कमाई लेखकावर होते, वाचकावर नव्हे. त्याची भाषा कितीही क्रांतिकारी असली तरी दूर राहा.

रॉयल्टीच्या टक्क्यापेक्षा तो कशावर मोजला जातो हे वाचा. छापील किमतीवर दहा टक्के आणि निव्वळ जमेवर (म्हणजे प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष पडलेल्या रकमेवर) दहा टक्के यांत दुपटीचं अंतर पडू शकतं. पुस्तक विक्रेत्याला निम्म्या किमतीत गेलं, तर निव्वळ जमेवरचे दहा टक्के म्हणजे छापील किमतीचे पाच. छोट्या प्रकाशकांकडे आगाऊ रक्कम थोडी किंवा शून्य असते. त्यात वावगं काही नाही.

हमी आणि नुकसानभरपाईचं कलम मात्र न वाचता सही करू नका. ‘कोणत्याही दाव्याचा सगळा खर्च लेखक सोसेल’ असं लिहिलेलं असतं. दावा खोटा ठरला तरीही खर्च तुमच्यावरच येईल अशी भाषा नको. न्यायालयाने लेखकाने कराराचा भंग केल्याचं मान्य केलं तरच जबाबदारी, मजकूर प्रकाशकाच्या वकिलाने तपासला असल्यास जोखीम वाटून घ्यायची, आणि तुमच्या संमतीशिवाय तडजोड नाही, हे तीन बदल मागा. चांगला प्रकाशक त्यातले एक-दोन तरी मान्य करतो.

हक्क परत मिळण्याचं कलमही तितकंच महत्त्वाचं. बॉस्टनची साउथ एंड प्रेस १९७७ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये बंद पडली. झेड बुक्स २०२० मध्ये ब्लूम्सबरीने विकत घेतली. वर्षभरात ठरावीक संख्येपेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या, संस्था बंद झाली किंवा विकली गेली, तर लेखी मागणीनंतर सहा महिन्यांत हक्क परत मिळतील, असं स्पष्ट लिहून घ्या. ‘मागणीनुसार छपाई उपलब्ध आहे’ एवढ्यावर पुस्तक कायम ‘उपलब्ध’ धरलं जाणार नाही, हेही त्यात हवं. अनुवादाचे हक्क आणि पुस्तिकेसाठी उतारे वापरण्याचा हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवा.

शेवटी लेखकाच्या प्रती. मोफत दहा-वीस मिळतात. त्यापुढच्या निम्म्या किमतीत घेण्याची आणि सभांमध्ये स्वतः विकण्याची परवानगी करारात घालून घ्या. काही करारांत लेखकाला अशा प्रती विकायला मनाई असते, ती खोडायला लावा.